मिरची-टोमॅटोची पाने दरवर्षी का मुरडतात? परसबागेतील बोकड्याचे निदान आणि निवारण

घरामागच्या वाडीत लावलेली मिरची पोळ्यापर्यंत तरारून उभी असते. पोळा सरतो न सरतो तोच तिच्या शेंड्याची पाने बारीक होऊ लागतात, मुरडतात, फुले गळतात आणि दसऱ्याच्या सुमारास झाड खुरटून बसते. शेजारच्या टोमॅटोचीही तीच गत होते. विदर्भातील खेड्यापाड्यांत या दुखण्याला बोकड्या म्हणतात, कृषीविषयक पुस्तिकांत तेच चुरडा-मुरडा या नावाने येते, आणि दरवर्षीची तक्रारही ठरलेली असते: औषध मारले, तरी बोकड्या आलाच.

ही तक्रार खरी असते, कारण पाने मुरडण्यामागे एकमेकांशी संबंध नसलेली निदान पाच कारणे असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कोळी नावाच्या, रस शोषणाऱ्या सूक्ष्म जीवाने मुरडलेल्या पानावर किडीचे नेहमीचे औषध मारले तर कोळी मरत नाही. विषाणूने मुरडलेल्या पानावर काहीही मारले तरी ते पुन्हा सरळ होत नाही. आणि तणनाशकाच्या शिंतोड्यांनी मुरडलेल्या झाडाला तर कोणत्याच औषधाची गरज नसते. म्हणून कृषी केंद्रात जाऊन बोकड्याचे औषध मागण्याआधी झाडापाशी बसून पान नीट पाहावे, असा माझा आग्रह आहे. परसबागेत दहा-वीस झाडे असतात; एकेक झाड निरखून पाहण्याची जी सवड शेतात मिळत नाही, ती इथे नक्की मिळते.

पान कोणत्या बाजूला वळले आहे?

पाहणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावी. एक पांढरा कोरा कागद शेंड्याखाली धरावा आणि शेंड्यावर बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर फिकट पिवळे, दोऱ्याच्या तुकड्यासारखे लांबट, मिलिमीटरभर लांबीचे जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे आहेत. फुलकिडे पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात, त्यामुळे पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पानाला द्रोणाचा आकार येतो. खालच्या बाजूला शिरांच्या लगत तपकिरी किंवा चंदेरी खरवड दिसते. पावसाने मोठी उघडीप दिली की हे फुलकिडे झपाट्याने वाढतात आणि जोराचा पाऊस आला की बरेचसे धुऊन जातात. त्यामुळे एखाद्या आठवड्यात झाड आपोआप सुधारल्यासारखे वाटले, तर ते त्याआधी मारलेल्या औषधामुळेच सुधारले असे धरून चालू नये.

हाच द्रोण पालथा झालेला असेल, म्हणजे कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतील, पान अरुंद, जाडसर आणि नेहमीपेक्षा गडद हिरवे झाले असेल आणि त्याचा देठ लांबलेला असेल, तर कारण कोळी आहे. हा कोळी साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर शेंड्याच्या अगदी कोवळ्या पानाखाली पिवळसर पारदर्शक ठिपके हलताना दिसतात. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटकांच्या वर्गात मोडत नाही, आणि म्हणूनच कीटकांसाठी बनवलेली अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. उलट सायपरमेथ्रीनसारखी औषधे कोळ्याला खाणारे मित्रजीव मारून टाकतात आणि फवारणीनंतर कोळी आधीपेक्षा वाढतो. पांढरी माशी, म्हणजे रस शोषणारी आणि विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारी बारीक कीड, हिच्या बाबतीतही अशा औषधांमुळे हाच उलटा परिणाम होतो. "मारले तरी वाढलेच" या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

तिसरे कारण विषाणू, आणि परसबागेचे खरे नुकसान तोच करतो. यात पाने वरही वळतात आणि खालीही, पण ती मुख्यतः लहान राहतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, दोन पेरांमधले अंतर कमी होऊन शेंड्याला पानांचा गुच्छ बनतो आणि झाडाची वाढच थांबते. कागदावर टिचकी मारून पाहिले तर पुष्कळदा काहीच पडत नाही, कारण विषाणू सोडून गेलेली पांढरी माशी तोपर्यंत दुसऱ्या झाडावर गेलेली असते. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारणपणे दोन ते तीन आठवडे जातात. आज मुरडलेल्या झाडाला रोग केव्हा लागला हे शोधायचे असेल, तर आजच्या फवारणीचा विचार सोडून तितके दिवस मागे जावे लागते. पांढरी माशी बागेत आहे की नाही हे पाहण्यासाठी झाड हलकेच हलवावे. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या पांढऱ्या माश्या भुर्रकन उडून पुन्हा पानाखाली जाऊन बसतात.

चौथे कारण फक्त टोमॅटोत दिसते आणि ते निरुपद्रवी आहे. झाडाची खालची, जुनी पाने सुरळीसारखी वर वळतात, हाताला चामड्यासारखी जाड लागतात, पण हिरवी राहतात आणि शेंडा उत्तम वाढत असतो. उन्हाचा ताण, पाण्याची अनियमितता किंवा एकदम जास्त छाटणी यांमुळे हे होते. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात मुळाशी पाणी साचूनही पाने अशी वळतात. अशा वेळी गादी वाफा (आजूबाजूपेक्षा उंच वाफा) करून पाण्याला वाट द्यावी. एरवी अशा झाडाला काहीही करू नये.

पाचव्या कारणाकडे आपल्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ज्वारी, गहू आणि धानाच्या शेतात किंवा धुऱ्यावर (बांधावर) रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक मारले जाते. टोमॅटो, मिरची, वाल आणि पऱ्हाटी (कपाशी) ही सर्व पिके त्याला अत्यंत संवेदनशील आहेत. वाऱ्याबरोबर आलेला त्याचा अगदी थोडा अंशही पाने अरुंद आणि पट्टीसारखी करण्यास पुरेसा होतो. शिरा समांतर दिसू लागतात, देठ आणि खोड पिळवटते. पऱ्हाटीचे पान तर भेंडीच्या पानासारखे कातरलेले दिसते. ओळखण्याची खूण अशी की वाडीतील रुंद पानांची अनेक पिके एकाच दोन-चार दिवसांत, आणि बहुधा एकाच बाजूने, मुरडतात. रोग किंवा कीड टोमॅटो, वाल आणि कोहळ्याच्या वेलाला एकाच दिवशी गाठत नाही. याहून वाईट प्रकार पंपाचा आहे: ज्या पाठीवरच्या पंपाने धुऱ्यावर तणनाशक मारले, तोच पंप साध्या पाण्याने खळाळून घेऊन वाडीत आणला जातो. साध्या पाण्याने त्या पंपाच्या नळीतला, गाळणीतला आणि नोझलमधला अंश निघत नाही. परसबागेसाठी एक-दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवावा आणि तो तणनाशकासाठी कधीही कोणाला देऊ नये. तणनाशकाची इजा सौम्य असेल तर झाड नवी पाने सरळ काढते. त्याला नियमित पाणी द्यावे आणि वाट पाहावी.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट इथेच सांगून ठेवतो. तंबाखूवरील मोझॅक विषाणू वाळवलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि हातांवाटे टोमॅटो-मिरचीला लागतो. त्यातही पाने चट्टेदार आणि अरुंद होतात. खर्रा घोटलेल्या हातांनी रोपे लावू नयेत, शेंडे खुडू नयेत. आधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

दरवर्षी तो परत का येतो?

विषाणूचा बोकड्या दरवर्षी आपल्याच वाडीत का परततो, याचे उत्तर तीन ठिकाणी सापडते.

पहिले ठिकाण मोरीजवळचे. बहुतेक घरांत न्हाणीच्या सांडपाण्यावर एखादे मिरचीचे किंवा वांग्याचे झाड दोन-तीन वर्षे जगवलेले असते. रोजच्या वरणाला दोन मिरच्या तिथून मिळतात, म्हणून ते कोणी काढत नाही. पण उन्हाळ्यात, सगळे रान वाळलेले असताना, पांढऱ्या माशीला आणि विषाणूला तग धरायला तेच एक हिरवे ठिकाण उरते, आणि मृगात नवी रोपे उगवली की रोग तिथूनच सुरू होतो. अशा झाडाची पाने मुरडलेली असतील तर नव्या रोपांचे बी टाकण्याच्या किमान तीन आठवडे आधी ते उपटून टाकावे. कुंपणालगतची पेटारी आणि रानभेंडीसारखी तणेही त्याच वेळी काढावीत, कारण पांढरी माशी त्यांवरही वाढते.

दुसरे ठिकाण पऱ्हाटीचे शेत. विदर्भातील बहुसंख्य गावांत घराच्या मागची वाडी आणि कापसाचे शेत यांच्यात फार तर एखादा पांदण रस्ता असतो. जुलैपासून कपाशीवर पांढरी माशी वाढत जाते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तिचा भर असतो; नेमक्या याच काळात आपण हिवाळी टोमॅटोची रोपे टाकतो. कोवळ्या रोपाला जितक्या लवकर लागण होते, तितके नुकसान अधिक. पहिल्या महिन्यात लागण झालेले झाड जवळजवळ फळ देत नाही, तर फळे धरल्यावर लागण झालेले झाड बऱ्यापैकी तोडा देऊन जाते. हा फरक लक्षात घेतला, तर सगळा जोर कोठे लावायचा हे स्पष्ट होते.

तिसरे ठिकाण आठवडी बाजार. तिथून आणलेल्या रोपांच्या जुड्या उघड्यावर वाढवलेल्या असतात आणि कितीही हिरव्यागार दिसल्या तरी त्यांत विषाणू आधीच शिरलेला असू शकतो, कारण लक्षणे दिसायला अजून अवधी असतो. रोपे घरीच तयार करणे हा माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

रोप जाळीखाली वाढवणे

घरच्या रोपांसाठी एक मीटर रुंद आणि हवा तितका लांब गादी वाफा पुरतो; जागा नसेल तर तळाला छिद्रे पाडलेला जुना टोपलाही चालतो. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी रेती यांचे मिश्रण घ्यावे, कारण नुसती काळी माती पावसात चिकट होऊन रोपांच्या माना कुजवते. वाफ्यावर बांबूच्या कामट्या कमानीसारख्या खोचाव्यात आणि त्यांवर ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी छिद्रे असलेली) नायलॉनची बारीक जाळी ताणून तिच्या कडा चारही बाजूंनी मातीत गाडाव्यात. जुनी मच्छरदाणी वापरण्याचा मोह होतो, परंतु तिची छिद्रे डासाला अडवण्यापुरती असतात. पांढरी माशी तीतून सहज आत जाते. जाळी मिळाली नाही तर मलमलीचे पातळ कापड चालते, मात्र त्याखाली ऊन कमी लागते आणि रोपे लवंडतात, म्हणून ते सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ, आपण समोर उभे राहून, काढावे.

बी पेरल्यावर लगेच, उगवण होण्याच्या आधी, जाळी घालावी. उगवल्यावर चार दिवसांनी घातलेली जाळी आत शिरलेल्या माशीला सुरक्षित घर देते. टोमॅटोची रोपे साधारण २५ ते ३० दिवसांत आणि मिरचीची ३५ ते ४५ दिवसांत लावणीला येतात. तोपर्यंत पाणी जाळीवरूनच झारीने द्यावे. लावणीनंतरही पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक झाडावर जाळीची टोपी ठेवता आली तर उत्तमच. शेतात हे अशक्य असते, पण दहा-पंधरा झाडांच्या बागेत सहज जमते. फुले येऊ लागली की जाळी काढावी.

वाण निवडताना थोडा विचार केला तर काम सोपे होते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटोचा संकरित वाण पाने मुरडणाऱ्या विषाणूला प्रतिकारक आहे. संकरित असल्यामुळे त्याचे बी मात्र घरी धरता येत नाही. भेंडीलाही पांढऱ्या माशीतूनच हळद्या (पाने पिवळी करणारा विषाणूजन्य रोग) होतो, तिच्यासाठी परभणी क्रांती हा वाण याच कारणासाठी काढलेला आहे. प्रतिकारक वाणालाही जाळी घालावीच. भिवापूरची मिरची आपल्या चवीची आणि रंगाची असल्याने तीच लावावीशी वाटते आणि ती अवश्य लावावी. तिला फक्त लहानपणी जास्त जपावे लागेल.

पऱ्हाटीच्या बाजूने मका किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी पेरल्या, तर वाऱ्याबरोबर येणारी बरीच माशी तिथेच अडते. पिवळ्या रंगाचे पत्र्याचे तुकडे एरंडीचे तेल लावून झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर टांगावेत. पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते, तर फुलकिड्यांसाठी निळा रंग अधिक चांगला. या पट्ट्यांनी कीड संपत नाही, पण ती केव्हा वाढली हे आधी कळते, आणि तेवढ्यासाठीही त्या लावाव्यात.

आता मुरडलेल्या झाडांचे काय करावे?

विषाणूची खात्री पटली आणि झाड लहान असेल तर ते उपटावे. डोळ्यांसमोर वाढवलेले रोप उपटायला हात धजत नाही, हे खरे आहे. तरीही बाजूची बारा झाडे वाचवायची असतील तर दुसरा मार्ग नाही, कारण विषाणूवर औषध नाही. टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, ताक यांपैकी कशानेही लागण झालेले झाड बरे होत नाही. उपटताना झाड झटकू नये, नाहीतर त्यावरची माशी शेजारच्या झाडावर जाईल. आधी त्यावर प्लास्टिकची थैली पालथी घालावी, मग मुळासकट काढून थैलीचे तोंड बांधावे, ती दिवसभर उन्हात तापू द्यावी आणि नंतर झाड पुरावे. फळे लागलेले मोठे झाड असेल, तर तोडा संपेपर्यंत ठेवायला माझी हरकत नाही. मात्र शेजारी नवी रोपे लावायची असतील तर तेही काढावे.

फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी घरचा निंबोळी अर्क पुरेसा उपयोगी आहे, पण तो नीट करावा लागतो. ज्येष्ठ-आषाढात निंबाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवून ठेवाव्यात. बुरशी आलेल्या टाकून द्याव्यात. लागेल तेव्हा २५० ग्रॅम बिया जाडसर कुटून, फडक्यात सैल बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी पुरचुंडी पुन्हा पुन्हा पिळून पाणी पांढरट होईपर्यंत अर्क काढावा, तो गाळून एकूण पाणी ५ लिटर करावे आणि त्यात १० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. हा ५ टक्के अर्क होतो. तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारावा, कारण त्यातील गुणकारी घटक उन्हाने लवकर नष्ट होतो. कीड पानाखाली असते, म्हणून पंपाचे तोंड वर करून खालून फवारा द्यावा. वरून भिजवलेले झाड दिसायला ओले दिसते एवढेच. आठ ते दहा दिवसांनी पुन्हा मारावे. फुलकिड्यांसाठी शेंड्यांवर जोराने साधे पाणी मारणे आणि त्यांचे कोष मातीत असल्याने बुंध्याभोवतीची माती उकरून वर गवताचे आच्छादन घालणे हेही उपयोगी पडते.

कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्क्यांचे गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात मारावे. कडक उन्हात किंवा हवा ३५ अंशांच्या पुढे गेली असताना ते मारू नये, पाने पोळतात. त्यामुळे आपल्याकडे मार्च ते जून हा काळ त्यासाठी वर्ज्यच समजावा. निंबतेल मारलेल्या झाडावर दोन आठवडे गंधक मारू नये आणि काकडी-कोहळ्याच्या वेलांवर ते उडू देऊ नये.

युरियाची मूठ हा आणखी एक मोह. झाड खुरटले की युरिया टाकला जातो, पाने लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या किडी त्यावर तुटून पडतात. त्याऐवजी शेणखत द्यावे. चुलीची राख पानांवर चिमूटभर भुरभुरण्याने काही बिघडत नाही, पण ती टोपल्याने बुंध्याशी टाकू नये, कारण आपली काळी जमीन मुळातच विम्लतेकडे (अल्कधर्मी गुणाकडे) झुकलेली असते आणि राखेने विम्लता वाढली की लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते. मग पाने पिवळी पडतात आणि आपण पुन्हा रोग शोधत बसतो.

शेवटचा मुद्दा मी सर्वांत कळकळीने मांडतो आहे. कपाशीसाठी आणलेल्या औषधाचे उरलेले झाकणभर वाडीतल्या मिरचीवर मारण्याची पद्धत बंद व्हायला हवी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मोनोक्रोटोफॉस हे अतिविषारी कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास बंदी आहे. शेतातल्या पिकाला फवारणी आणि तोडणी यांच्यात अंतर ठेवता येते; वाडीतल्या मिरचीचे तसे नाही, फोडणीच्या वेळी घरातले कोणीही जाऊन ती तोडून आणते. निंबोळी अर्क आणि गंधक यांनी भागले नाही, तर मुरडलेली फांदी थैलीत बंद करून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी, सोबत एक निरोगी फांदीही न्यावी, आणि भाजीवर शिफारस असलेलेच औषध, तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे हे विचारून, घ्यावे. फवारणीच्या दिवशी झाडाला रंगीत चिंधी बांधावी आणि ते दिवस पूर्ण होईपर्यंत ती सोडू नये, म्हणजे घरातल्या सर्वांना, लहान मुलांनाही, त्या झाडाची मिरची अजून तोडायची नाही हे कळते.